मंगळवारचा बांगडा

तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. म्हणजे सोमवारचं तिकीट असेल तर रविवारी रात्री जेवून घराबाहेर पडायचं. हे मला पक्कं माहीत आहे, कारण मागच्या खेपेला मी बरोब्बर चोवीस तास उशिरा स्टेशनवर पोचले होते. या वेळी मावशीने फोनवर तीनदा विचारलं, "आयतवारीच निघतंस मां?"

मावशी मूळची गिरगावातली. लग्न होऊन सावंतवाडीला गेली त्याला चाळीस वर्षं झाली, आणि आता तिची मराठी मालवणीत पुरती मुरली आहे. तिच्याकडे पाच दिवस राहायचं, बाजार बघायचा, खायचं आणि रोज वहीत काढायचं, एवढाच बेत. मी चित्रकार नाही. डोंबिवलीहून रोज लोकल पकडून एका कंपनीत हिशेब बघायला जाते. दोन वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत कंटाळा आला म्हणून समोरचा डबा काढला; दुसऱ्या दिवशी त्यातली भेंडी काढली. तेव्हापासून रोज एक पान. रिक्षा स्टँड, चहाचा ग्लास, वाण्याच्या दुकानातली बरणी, कोपऱ्यावरचा भजीवाला. अशा नऊ वह्या भरल्या. नियम तीनच: पान फाडायचं नाही, रबर वापरायचं नाही आणि काल राहिलं म्हणून आज दोन काढायची नाहीत.

सामान फार नाही. तळहाताएवढी जाड कागदाची वही, बारा वड्यांची रंगांची डबी, दांड्यातच पाणी भरता येतं असा ब्रश, पाण्याने न पसरणाऱ्या शाईचं पेन आणि नवऱ्याचा जुना मोजा. मोजा मनगटात घालायचा आणि ब्रश त्याला पुसायचा. लोकांना आधी वाटतं हात दुखावलाय. शिवाय मेणबत्तीचा एक तुकडा. त्याचं काम पुढे येईल.

सोमवार

रत्नागिरी गेल्यावर जाग आली. खिडकीतून हिरवं, जांभ्याचं लाल, पुन्हा हिरवं, आणि मग एकदम काळं. कोकण रेल्वेवर चालत्या गाडीतून बाहेरचं काढायला बसणं म्हणजे स्वतःची थट्टा करून घेणं आहे. नारळाचं झाड धरलं की बोगदा येतो, खिडकीचा आरसा होतो आणि झाडाच्या जागी विस्कटलेल्या केसांची आपणच. तीन बोगद्यांनंतर मी नाद सोडला आणि कागदी कप काढला. गाडीच्या हिसक्याने कपाची कड अशी दातेरी आली, की शेजारच्या काकूंनी विचारलं, "उंदराने कुरतडलाय का हो?"

स्टेशन गावापासून बरंच लांब आहे. काका रिक्षा घेऊन आले होते. घरी पोचेपर्यंत दीड वाजला, हातपाय धुतले आणि समोर ताट आलं: उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं, सोलकढी, वालीच्या शेंगांची भाजी. मी वही उघडली. मावशी हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"ह्यां काय?"

"दोन मिनिटं, मावशी."

"बांगडो काय पळान जाता? आधी जेव."

खाण्याची चित्रं काढणाऱ्याचं दुखणं नेमकं हे आहे. मॉडेल हलत नाही, पण थांबतही नाही. तर्री थिजते, पुरी बसते, भाताची वाफ जाते, आणि वाढणारीचं तोंड उतरतं ते वेगळंच. घरी मी निर्लज्जपणे नवऱ्याला थांबवते. इथे ते धाडस झालं नाही. जेवले, आणि उष्ट्या हाताने आठवून काढायला बसले. उकड्या भाताचे दाणे जाड, सुटे, तांबूस, ते जमले. सोलकढी मात्र हुकली. गुलाबी रंग पाण्यात घातला, पेला भरला, आणि ते दिसायला लागलं हॉटेलातलं स्ट्रॉबेरी मिल्कशेक. काकांनी चष्मा वर करून बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सोलकढीत निळा असतो थोडासा. आगळ, म्हणजे कोकमाचा रस, जांभळं असतं ना मुळात." काका तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, चित्रांशी संबंध शून्य. पण बरोबर होतं. गुलाबीत निळ्याचा एक थेंब टाकला आणि पेल्यात नारळाचं दूध दिसायला लागलं.

संध्याकाळी मसाल्याच्या डब्यातलं तिरफळ काढलं. सुकलेलं तिरफळ म्हणजे मिरीपेक्षा जरा मोठं, खरखरीत, तोंड उघडलेलं फळ. आत चकचकीत काळी बी. मला त्या काळ्या बीचा मोह झाला, छान टपोरी काढली, वर पांढरा ठिपका ठेवून चमकसुद्धा आणली. मावशीने बघितलं.

"बी टाकतत गो. साल तेवढी घालतत. बी घातलंस तर आमटी फुकट."

रबर नाही, त्यामुळे बी तशीच राहिली. शेजारी बाण काढून लिहिलं: 'बी टाकायची. मावशी.' त्याच्याच खाली सोलकढीला बाण: 'निळा. काका.' पहिल्याच दिवशी पानावर चित्रापेक्षा बाण जास्त.

मंगळवार

सावंतवाडीचा आठवडी बाजार मंगळवारी. खेड्यांतून माणसं येतात आणि जमिनीवर गोणपाट अंथरून बसतात. कुळीथ, आमसुलं, उकडे तांदूळ, केळीची पानं, लाल भाजीच्या जुड्या, आणि एका बाजूला सुकी मासळी, जिचा वास चित्रात येत नाही हे बरं की वाईट ते ठरवता आलं नाही. अशा ठिकाणी उभ्याने काढायचं म्हणजे पाठीला भिंत लागते. मी एका बंद दुकानाची पायरी पकडली. दहा मिनिटांत मागे सात-आठ माणसं. गर्दीला मी सरावले आहे. डोंबिवलीत माणसं मागून बघतात आणि गप निघून जातात. इथे कुणी गप राहत नाही. "तां वांगी फाटीत होती." "ह्या बाईचो रंग बरो जमलो." "त्या भोपळ्याक देठ खंय?"

मग मासळीकडे गेले. एका मासेवालीपुढे बांगड्यांचा ढीग होता. मी तिला विचारलं, काढू का? ती म्हणाली, "काढ, पण गिऱ्हाईक इला की बाजूक हो." मी बांगडा काढला. मासा काढायची सवय हाताला शाळेपासून असते: दोन कमानी, मधे डोळा, अंगभर खवल्यांच्या अर्धचंद्रांच्या ओळी, मागे त्रिकोणी शेपूट. मी ओळीवर ओळ देत गेले, छान दिसत होतं. गिऱ्हाईक गेल्यावर तिने हात पुढे केला. वही बघितली.

"हो कसलो मासो?"

"बांगडा."

"बांगड्याक अशी खवलां आसतत?" तिने ढिगातला एक उचलला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "हात लाव."

लावला. गुळगुळीत. खवले असतात, पण इतके बारीक की बोटाला ओलं रेशीम लागावं तसं लागतं. मग तिने मला बांगडा शिकवला. पाठीवर निळसर हिरव्या अंगावर गडद रेघा, पोटाकडे रुपेरी, त्यात सोनेरी झाक. आणि शेपटीकडे बघ, म्हणाली. पाठीवरचा पर संपल्यावर शेपटीपर्यंत वर आणि खाली बारीक बारीक टोकं असतात, सुटी सुटी, जणू करवतीचे दात. इतकी वर्षं बांगडे खाल्ले, साफ केले, तळले. ही टोकं मी कधी बघितलीच नव्हती. शेपूट माझ्या त्रिकोणासारखी जाड नसते. शेपटीआधी अंग एकदम बारीक होतं आणि मग दोन धारदार पात्यांत फुटतं.

"तू काढलंस तो पेडवोय नाय आणि बांगडोय नाय. तो शाळेतलो मासो."

मी तिथेच, त्याच पानावर, खाली दुसरा काढला. तिने तो गिऱ्हाइकाला दाखवला. गिऱ्हाईक म्हणालं, "आता इलो." मी अर्धा डझन बांगडे घेतले, तिने एक वर टाकला. वहीवर तिच्या बोटाचा ओला ठसा उमटला, वरच्या कोपऱ्यात. तिथे आता काही काढता येणार नाही, माशाचं तेल रंग धरत नाही.

दुपारी चितार आळीत गेले, जिथे लाकडी खेळण्यांची दुकानं ओळीने आहेत. भोवरे, पोळपाट-लाटणी, भातुकली, आणि मला हवी होती ती फळं. लाकडाचे आंबे, केळी, काजूची बोंडं, सीताफळं, डाळिंबं, परडीत मांडून ठेवलेली. पूर्वी यासाठी पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरायचे. तासभर काढत बसले. कुणी थांबवलं नाही, काही थिजलं नाही, काही बसलं नाही. आणि संध्याकाळी पान बघितलं तर त्यात जीवच नव्हता. रंगवलेल्या आंब्याचं चित्र म्हणजे चित्राचं चित्र. काजूच्या बोंडावर कारागिराने लालातून पिवळा ज्या हाताने उतरवला होता तो मला जमला नाही, तेवढं मात्र टिपून ठेवलं.

बुधवार

सकाळी मोती तलावाच्या काठाने चालत राजवाड्यात. तलाव गावाच्या मधोमध, राजवाडा त्याच्या काठावर, त्यामुळे कुठूनही कुठे जायचं तरी तलावाला वळसा पडतोच.

तिकीट काढून आत गेलं की गंजिफा रंगवणारे कारागीर काम करताना बघायला मिळतात. मी मुळात आले होते ते यासाठी. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी संचात 120 पानं: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा, त्यातला एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा आकड्यांची पानं. आकडा लिहिलेला नसतो, मोजायचा असतो. मत्स्याचं सातचं पान म्हणजे त्या एवढ्याशा वर्तुळात सात मासे, कूर्माचं पाच म्हणजे पाच कासवं, परशुरामाचं तीन म्हणजे तीन परशू. खेळही सरळ नाही. अर्ध्या रंगांत दहाचं पान भारी आणि एक्का हलका, उरलेल्या अर्ध्यांत नेमकं उलट. दिवसा खेळायला बसलात तर पहिली उतारी रामाची, रात्री कृष्णाची. खेळणारे फार उरले नाहीत. रंगवणारेही संपतच आले होते. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच ही कला पुन्हा उभी केली, स्वतः शिकून आणि इतरांना शिकवून.

एक मध्यमवयीन बाई खाली मांडी घालून मत्स्याचीच पानं रंगवत होत्या. नशीब. मी जरा अंतरावर बसले आणि त्यांचा हात बघत राहिले. कागदाच्या थरांवर चिंचोक्याची खळ, वर रंग, पाठीला लाख. ब्रश इतका बारीक की टोकाला जेमतेम दोन-चार केस. एक मासा त्या पाच-सहा फटकाऱ्यांत संपवत होत्या: पाठीची कमान, पोटाची कमान, शेपटीचे दोन, डोळ्याचा ठिपका. पुढचा मासा. पुढचा. सगळे सारखे आणि तरी छापल्यासारखे नव्हेत.

चहाला थांबल्या तेव्हा मी वही दाखवली. त्यांनी मंगळवारचं पान बराच वेळ बघितलं, वरचा शाळेतला मासा आणि खालचा दुरुस्त केलेला. मला वाटलं बांगड्याचं कौतुक होणार.

"तुमची रेघ तुटते," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"इथे बघा. पाठीची रेघ तुम्ही चार तुकड्यांत काढलीय. घाबरत घाबरत. पुढे जाता, थांबता, मागे येता, परत जोडता. रेघ काढायच्या आधी श्वास घ्या आणि सोडताना एकदाच ओढा."

घरी परतल्यावर अंगणात बसून वहीच्या शेवटच्या पानावर वाटीने वर्तुळ आखलं आणि मत्स्याचं सात काढायला घेतलं. श्वास घ्या, सोडा, ओढा. पहिला मासा पातेल्यासारखा. दुसरा पावट्यासारखा. पाचव्याला जरा पाठ आली. सातवा चांगला आला, पण वर्तुळात जागा उरली नव्हती म्हणून त्याची शेपटी सहाव्याच्या पोटात गेली. एक ओळ मराठीत लिहायची म्हटली तरी मी चार वेळा खोडते, तेव्हा हा दोष हाताचा नाही हे मला कळतं. पण तो कागदावर इतका स्पष्ट दिसतो हे कळलं नव्हतं.

रात्री कोंबडी-वडे. मावशी वड्याचं पीठ थापून तेलात सोडते, वडा टम्म फुगून वर येतो, आणि ताटात पडल्यावर मोजून दीड मिनिटात खाली बसतो. मी मोजलं, घड्याळ लावून, दोन वडे. तिसऱ्याला मावशीने उलथन्याने माझ्या वहीकडे खूण केली, म्हणजे आवर. मी आवरलं आणि एक ठरवून टाकलं: या घरात भरलेलं ताट काढायचं नाही. जेवायचं आणि मग रिकामं काढायचं.

त्या रात्रीचं पान माझ्या नऊ-दहा वह्यांतलं सगळ्यात आवडतं. स्टीलचं ताट, कडेला रश्श्याची सुकत आलेली लाल रेघ, दोन हाडं, चोखून टाकलेलं आमसूल, वाटीच्या तळाशी सोलकढीचं गुलाबी वर्तुळ, कांद्याची एक पाकळी. आणि मधोमध चार बोटं फिरवल्याच्या खुणा. गंमत म्हणजे त्यावर कुणीच दुरुस्ती सुचवली नाही. मावशी म्हणाली, "आमसूल इतक्या चोखूचा नसता," पण ती चित्राची दुरुस्ती नव्हती.

गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. घरात मासळी नाही, कांदा-लसूण नाही, सकाळपासून घट मांडण्याची गडबड. आदल्या दिवशी बाजारातून आणलेल्या भाज्या मावशीने परातीत मांडल्या: सुरण, रताळं, कणगी, भोपळा, शेवग्याच्या शेंगा, कच्चं केळं, मक्याचं कणीस, मुळा, वाल. खतखत्याची तयारी. नऊ भाज्या, तिरफळ, आमसूल आणि भरपूर नारळ. शिजल्यावर सगळं एकमेकांत जातं, म्हणून परात होती तशी काढली आणि तिरफळाला या वेळी बी काढली नाही. मावशीने मान हलवली.

दहा वाजता पेज पिऊन कुडाळची एसटी धरली, तिथून पिंगुळी जवळच. इथल्या ठाकर समाजाकडे चित्रकथीची परंपरा आहे, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन सांगायची गोष्ट. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं, ठाकर आदिवासी कला आंगण नावाचं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रांसोबत तिथे कळसूत्री बाहुल्या आहेत आणि चामड्याच्या सावलीच्या बाहुल्याही.

चित्रकथीची चित्रं सुटी असतात. एका आख्यानाच्या अशा सगळ्या पानांची मिळून पोथी. सांगणारा पान मांडीवर उभं धरतो, वीणा आणि हुडुक नावाचं छोटं चर्मवाद्य वाजतं, गोष्ट पुढे सरकली की पान मागे जातं आणि पुढचं येतं. चेहरे बाजूने, डोळे मोठे आणि टोकदार, हात बोलणारे. मला एक गोष्ट फार लागली. ही चित्रं भिंतीवर टांगून बघायची नाहीतच. कुणीतरी ती समोर धरून बोलायला हवं, बघणाऱ्यांनी हुंकार द्यायला हवा. माझी वही मी दोन वर्षं कपाटात ठेवत आले. नवरा सोडून कुणी पाहिली नव्हती, आणि नवरा 'छान' याखेरीज काही म्हणत नाही. तिथे बसून एक प्रत काढली, रथातल्या एका योद्ध्याची. रेघ एका श्वासात ओढायचा प्रयत्न केला. घोड्याची मान जमली, पाय लटपटले.

रात्री काका म्हणाले, जवळच्या गावात जत्रा आहे, दशावतार बघूया. थंडी होती, मावशीने शाल दिली. देवळापुढे पेट्रोमॅक्सच्या जागी आता एलईडीचे झगझगीत दिवे, दुतर्फा दुकानं, आणि खाज्याचे डोंगर. खाजं म्हणजे बेसनाच्या जाड शेवेसारख्या कांड्या तळून गुळाच्या पाकात घोळलेल्या, त्यात आल्याचा झटका. कागदाच्या पुडीत पाव किलो घेतलं आणि एका हाताने खात दुसऱ्या हाताने काढू लागले, इतका मूर्खपणा दोन वर्षांत केला नव्हता. पाकाचा अंगठा पानावर उमटला, त्यावर मुंग्या आल्या. ते पान आजही चिकट आहे.

दशावताराच्या नटांकडे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, बोलणं ज्याचं त्याने तिथल्या तिथे रचायचं. पुरुषच बायका होतात. आणि रंगभूषा ज्याची त्याने करायची. देवळाच्या मागच्या पडवीत पेटारा उघडा होता आणि चार-पाच नट छोट्या आरशांत बघत चेहरे रंगवत होते. परवानगी विचारून मी कोपऱ्यात बसले. राजा होणारा माणूस पन्नाशीचा, दिवसा शेती करणारा असावा, बोटं जाड आणि भेगाळलेली. त्या बोटांनी त्याने डोळ्याखालून काजळाची रेघ ओढली. एकदाच. थांबला नाही, मागे आला नाही. मला राजवाड्यातल्या बाई आठवल्या.

मी त्याला मुकुटासकट काढलं. उठताना त्याने वही बघितली आणि रुबाबात म्हणाला, "मुकुट सरळ करा हां. नायतर लोक म्हणतले, राजा पिऊन इलो."

सरळ करता येत नव्हता. बाण काढला आणि लिहिलं: 'मुकुट सरळ. महाराज.' तो खूश होऊन प्रवेशाला गेला. संकासुराच्या काळ्या पोशाखातला नट मृदंगाच्या आवाजावर घुमत होता तोवर मी जागी होते. आख्यान पहाटेपर्यंत चाललं म्हणतात. मी काकांच्या खांद्यावर मान टाकून झोपले होते.

शुक्रवार

उशिरा उठलो, उशिरा निघालो. वेंगुर्ल्याला दुपार, बंदर, दीपस्तंभाची टेकडी, ऊन. फळ संशोधन केंद्र इथलंच, 1957 पासूनचं. काजूच्या 'वेंगुर्ला' जाती इथून निघाल्या आणि मावशीच्या परसातलं झाडही त्यातलंच. वेंगुर्ल्यात मी एकही रेघ काढली नाही. कंटाळा आला होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

शिरोड्याला मात्र थांबलो. मिठागरांचं गाव. 1930 चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला, आणि वि. स. खांडेकर इथल्याच शाळेत 1920 ते 1938 शिकवत होते. काका त्यांच्याबद्दल बोलत होते, मी वाफ्यांचे चौकोन बघत होते. पाण्यात आकाश, बांधांच्या रेघा, मधेच एक बगळा. पानभर निळा ओला वॉश दिला आणि काय सुचलं कोण जाणे, पुडीतल्या शेंगदाण्यांना लागलेलं जाडं मीठ चिमटीत धरून त्या ओल्या रंगावर भुरभुरलं. मीठ रंग ओढून घेतं. प्रत्येक खड्याभोवती फिक्कट तारा उमलला. वाळल्यावर मीठ झटकलं तर सबंध आभाळ तारांकित, दुपारी तीन वाजता. काका म्हणाले, "हे बरं जमलं, फक्त बगळ्याला पाय एकच." बगळा एका पायावरच उभा होता. या वेळी काका चुकले होते आणि मी बाण काढला नाही.

शनिवार

गाडी संध्याकाळची. सकाळी घावणे. बिड्याच्या तव्यावर तांदळाचं पातळ पीठ लांबून ओतायचं, चर्र आवाज आणि त्या आवाजासरशी जाळी. ही जाळी काढायची असेल तर एकेक भोक रंगवून भागत नाही. कागदावर मेणबत्तीचा तुकडा हलका घासायचा आणि वरून फिक्कट करडा रंग फिरवायचा. जिथे मेण, तिथे रंग चिकटत नाही आणि जाळी आपोआप उमटते. मावशी बघत होती. तवा गॅसवर ठेवून ती माझ्या बाजूला येऊन बसली आणि मेणबत्ती मागितली. तिने घासली, मी रंग फिरवला. तिची जाळी माझ्यापेक्षा दाट आली.

"पीठ पातळ होया," ती म्हणाली. कुठल्या पिठाबद्दल ते विचारलं नाही.

दुपारी तिने सगळी वही पहिल्या पानापासून पाहिली. मी पान धरलं, गोष्ट सांगितली, तिने हुंकार दिला आणि प्रत्येक पानाला काहीतरी म्हणाली. बाजारातल्या भोपळ्याला देठ अजून नव्हता.

स्टेशनवर तिने डबा दिला. कणकवली गेल्यावर उघडला: भाकरी, तळलेला बांगडा, केळीच्या पानात चटणी. आधी जेवले. मग डबा मांडीवर ठेवून काढू लागले: काटा, डोक्याचा सांगाडा आणि बाजूला ठेवलेली शेपटी. समोरच्या बाकावर कुडाळला चढलेले एक आजोबा होते. बराच वेळ वाकून बघत राहिले.

"तारली का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो आजोबा, बांगडा," मी वही त्यांच्याकडे फिरवली. "शेपटीकडे बघा."